मोटारसायकलींचा ताफा: सहप्रवासाचा आनंद आणि शेवटच्या स्वाराची सुरक्षितता

सुट्टीच्या दिवशी पहाटे महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर किंवा चहाच्या टपरीपाशी जमणारे दुचाकीस्वारांचे गट आता देशातील बहुतेक मोठ्या शहरांत परिचयाचे झाले आहेत. दहा-वीस जणांच्या सकाळच्या फेरीपासून लेह-लडाखच्या अनेक दिवसांच्या मोहिमेपर्यंत या प्रवासाचे स्वरूप बदलत जाते. एकट्याने चालवण्याचे हे वाहन समूहात चालवण्याची ओढ मात्र सगळीकडे सारखीच दिसते. पुढे लांबवर चमकणारे मागचे दिवे, आरशात दिसणारी हेडलाइटची रांग आणि अनेक इंजिनांचा एकत्र घुमणारा आवाज यांतून स्वाराला आपण एका मोठ्या प्रवाहाचा भाग असल्याची जाणीव होते. ती आनंददायी असते, आणि गाफील राहिल्यास धोक्याचीही ठरते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के व्यक्ती दुचाकीवर होत्या. समूहात प्रवास केल्याने हा धोका आपोआप कमी होत नाही. शिस्त असेल तर समूह संरक्षण देतो, नसेल तर एकाची चूक अनेकांना भोवते.

परंपरा आणि प्रसार

मोटारसायकलस्वारांच्या मोठ्या मेळाव्यांची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात स्टर्जिस येथील मेळावा १९३८ मध्ये सुरू झाला. व्हिएतनाम युद्धातील युद्धकैदी व बेपत्ता सैनिकांचा प्रश्न मांडण्यासाठी १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथे ‘रोलिंग थंडर’ ही फेरी निघाली आणि पुढे अनेक वर्षे ती चालू राहिली. मोटारसायकलींचा ताफा सार्वजनिक भावना व्यक्त करण्याचे साधनही होऊ शकतो, हे या फेरीने दाखवून दिले.

भारतात या छंदाच्या केंद्रस्थानी दीर्घकाळ ‘बुलेट’ राहिली. १९५०च्या दशकात लष्कराने सीमेवरील गस्तीसाठी ही गाडी निवडली आणि १९५५ मध्ये तत्कालीन मद्रास येथे तिच्या जुळणीस प्रारंभ झाला. अलीकडच्या काळात अधिक क्षमतेच्या गाड्या, सुधारलेले महामार्ग आणि भ्रमणध्वनीवरील नकाशे यांमुळे गटांची संख्या वाढली. ‘इंडिया बाइक वीक’ हा मेळावा २०१३ मध्ये गोव्यात सुरू झाला. त्याआधी, २०११ मध्ये, पुण्यात ‘द बायकर्नी’ ही महिला दुचाकीस्वारांची संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रातील गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून दुचाकी चालवणाऱ्या महिलांची पथके तर आता त्या सणाच्या दृश्याचाच एक भाग बनली आहेत.

ताफ्याची मांडणी

मोठ्या गटाचे नियोजन दोन व्यक्तींभोवती फिरते. सर्वांत पुढे ‘लीड’ म्हणजे आघाडीचा स्वार असतो. मार्ग, वेग व थांबे तो ठरवतो. सर्वांत मागे ‘स्वीप’ असतो. हा सहसा गटातील अनुभवी स्वार असतो. कोणाची गाडी बंद पडली, कोणी दमले किंवा वाट चुकले, तर त्याच्यासोबत थांबणे हे त्याचे काम. त्याला मागे टाकून कोणी राहता कामा नये. नवख्या स्वारांना शक्यतो आघाडीच्या स्वारामागेच ठेवले जाते, जेणेकरून ताफ्याचा वेग त्यांच्या क्षमतेनुसार राहील.

सरळ रस्त्यावर स्वार एकाआड एक, म्हणजे एक मार्गिकेच्या उजव्या भागात तर दुसरा डाव्या भागात, अशी मांडणी करतात. लगतच्या स्वारापासून किमान एक सेकंदाचे आणि आपल्याच रेषेतील पुढच्या स्वारापासून दोन सेकंदांचे अंतर राखावे, असा सर्वमान्य संकेत आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. त्यामुळे दोन सेकंद म्हणजे सुमारे ३३ मीटर होतात. वळण, अरुंद पूल किंवा खराब रस्ता आला की ही मांडणी मोडून एकेरी रांग करावी लागते. दोन गाड्या शेजारी-शेजारी चालवणे टाळले जाते, कारण खड्डा किंवा जनावर चुकवायला बाजूला जागाच उरत नाही.

उजवा हात अॅक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकवर असल्याने खुणा बहुधा डाव्या हाताने केल्या जातात. एक बोट वर केले तर एकेरी रांग, दोन बोटे म्हणजे पुन्हा एकाआड एक मांडणी, पेट्रोलच्या टाकीकडे बोट म्हणजे इंधन हवे. रस्त्यावरील खड्डा किंवा खडी डावीकडे असल्यास हाताने, उजवीकडे असल्यास उजवा पाय किंचित बाहेर काढून दाखवली जाते. मागचा प्रत्येक जण तीच खूण पुढे पोहोचवतो. हेल्मेटमध्ये बसवण्याच्या संवादयंत्रांमुळे अनेक गटांना आता थेट बोलताही येते, तरी खुणांची भाषा टिकून आहे.

शेपटीचा वेग

समूहप्रवासातील सर्वांत मोठा धोका पुढून दिसत नाही. वीस गाड्यांचा ताफा सिग्नलवर थांबला आणि सुटताना प्रत्येक जण पुढच्यानंतर दोन सेकंदांनी निघाला, तर विसावा स्वार ३८ सेकंद उशिरा हलतो. तोवर ६० चा वेग घेतलेला आघाडीचा स्वार अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे गेलेला असतो. नियमाप्रमाणे वीस गाड्यांच्या ताफ्याची लांबी सुमारे ३२० मीटर असायला हवी. उरलेले सुमारे ३०० मीटर भरून काढायचे, तर शेवटच्या स्वाराला जवळपास मिनिटभर ताशी ८० किलोमीटर वेगाने जावे लागेल. पुढचा स्वार नियमात असतानाही मागचा मर्यादा ओलांडतो, तो असा. प्रत्येक गाव, गतिरोधक आणि टोलनाक्यानंतर हेच घडते.

यात मनाचाही भाग आहे. मागे राहण्याची भीती, आपल्यामुळे इतरांना थांबावे लागेल हा संकोच आणि सोबत्यांसमोर कमी न दिसण्याची इच्छा यांमुळे स्वार आपल्या क्षमतेबाहेरचे वळण घेतो किंवा पुढचा गेला म्हणून समोरचे न पाहता ट्रक ओलांडतो. नजर सतत पुढच्या गाडीवर खिळल्यास रस्त्याकडे दुर्लक्ष होते. पुढच्याचे वळण चुकले, तर मागचाही त्याच दिशेने ओढला जातो. ओलांडण्याचा निर्णय प्रत्येकाने स्वतः, समोरचा रस्ता पाहूनच घ्यावा, हा म्हणूनच ताफ्याचा पहिला नियम मानला जातो.

यावरचे उपाय साधे आहेत. मोठा गट पाच ते सात जणांच्या तुकड्यांत विभागायचा आणि दोन तुकड्यांत इतर वाहनांना जागा मिळेल एवढे अंतर ठेवायचे. शंभर गाड्या सलग चालल्या तर ६० च्या वेगाला ताफा दीड किलोमीटरहून लांब होतो. तो ओलांडणे कोणत्याही मोटारीला शक्य नसते. पुढचा थांबा सर्वांना आधीच ठाऊक असावा. मुख्य वळणावर एका स्वाराने थांबून स्वीप येईपर्यंत दिशा दाखवावी. वाट चुकणार नाही याची खात्री असली, की घाई करण्याचे कारण उरत नाही.

हिमालयातील कसोटी

समूहाचे खरे मोल मनाली-लेहसारख्या मार्गावर कळते. सुमारे ४,८९० मीटर उंचीचा बारालाचा ला आणि ५,३०० मीटरहून उंच टांगलांग ला या मार्गावर आहेत. विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते आणि माणसाचीही. लाहौलमधील तांडी येथील पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची सूचना देणारा फलक अनेक वर्षे होता. जादा इंधन, सुटे भाग, प्रथमोपचार साहित्य आणि प्राणवायूचे सिलिंडर वाटून नेता येतात, ते सोबत माणसे असल्यामुळेच. उन्हाने बर्फ वितळल्यावर दुपारनंतर रस्त्यावरील नाल्यांचे पाणी वाढते. तेव्हा स्वार पाण्यात उतरून एकमेकांच्या गाड्या एकेक करून पलीकडे नेतात. अतिउंचीवरील आजाराची लक्षणे एकट्या प्रवाशाला स्वतः ओळखणे कठीण जाते. सोबत्याच्या ती लवकर ध्यानात येतात.

कायद्याची चौकट

ताफ्यात असल्याने कोणालाही सार्वजनिक रस्त्यावर विशेषाधिकार मिळत नाही. सिग्नल, वेगमर्यादा आणि मार्गिकेचे नियम प्रत्येक स्वाराला स्वतंत्रपणे लागू असतात. गटातील काहींनी चौकात वाहतूक अडवून इतरांना वाट करून देणे नियमबाह्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चालक व सहप्रवासी दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. पगडीमुळे सूट आहे ती शीख धर्मीयांना. त्यामुळे मिरवणुकीत बांधलेला फेटा हेल्मेटला पर्याय ठरत नाही. राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे कलम १८९ नुसार दंडनीय आहे. निवडणूक आयोगानेही २०२१ मधील पाच विधानसभांच्या निवडणुकांत मतदानापूर्वीच्या ७२ तासांत दुचाकी फेऱ्यांना मनाई केली होती.

मुक्कामाची व्याख्या

निघण्यापूर्वीची दहा मिनिटांची बैठक, टायरमधील हवा व ब्रेकची तपासणी, आणीबाणीत संपर्क करायच्या व्यक्तींची यादी आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठण्याचे वेळापत्रक, एवढ्यावर बहुतेक मोहिमांचे यश अवलंबून असते. ताफा किती वेगाने गेला, याला अनुभवी गटांत फारसे महत्त्व नसते. आघाडीचा स्वार मुक्कामी पोहोचल्यावर मागून येणाऱ्या गाड्या मोजत थांबतो. स्वीपचे हेल्मेट उतरले, की त्या दिवसाचा प्रवास संपला असे मानले जाते.