भंडागारिकाचे पद

तेर हे गाव धाराशिव जिल्ह्यात मोडते. परंतु बीड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील माणसाला ते परके वाटत नाही. अंबाजोगाईहून कळंबमार्गे आम्ही तेथे विद्यार्थ्यांसह अनेकदा गेलो आहोत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथाने ज्या 'तगर' नगराचा उल्लेख केला, जेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे, ते नगर म्हणजेच हे तेर. तेथील त्रिविक्रम मंदिराची गजपृष्ठाकार विटांची वास्तू मुळात चैत्यगृह होती, हे हेन्री कझेन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले. पुढील उत्खननांत स्तूपाचेही अवशेष मिळाले. आमच्या विद्यार्थ्यांना एवढे पाठ असते.

एका भेटीत मात्र एका विद्यार्थ्याने निराळाच प्रश्न विचारला. तेरचे संग्रहालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते रामलिंगप्पा लामतुरे हे गावातील व्यापारी. पुरातत्त्वाचे औपचारिक शिक्षण नसताना त्यांनी आयुष्यभर मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी गोळा केली. त्या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी असलेले साम्य जगभरच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. विद्यार्थी म्हणाला, "सर, गोळा करणाऱ्याचे नाव कळले, खोदणाऱ्यांची कळली, लिहिणाऱ्यांचीही कळली. पण हस्तिदंताला तडा जाऊ नये म्हणून जो बघतो, त्याला काय म्हणायचे?"

आम्ही 'जतनकार' असे उत्तर दिले, ते त्याने वहीत लिहून घेतले. पण त्या उत्तराने आमचे समाधान झाले नाही. प्रश्न शब्दाचा नव्हता. ज्याला समाजात पद नाही, त्याला नाव देऊन काय साधते?

वास्तविक या पदाचा इतिहास आपल्याच वाङ्मयात आहे आणि तो बराच जुना आहे. विनयपिटकातील महावग्गाचा आठवा खंधक चीवरांविषयी आहे. जीवक वैद्याच्या कथेने त्याचा आरंभ होत असल्यामुळे वाचक बहुधा त्या कथेत रमतो आणि पुढचा भाग चाळून टाकतो. आम्हीही विद्यार्थिदशेत तसेच केले. त्या पुढच्या भागात एका संग्रहाची जन्मकथा आहे. गृहस्थांनी दिलेली चीवरे स्वीकारण्याची अनुज्ञा मिळाल्यावर लोक चीवरे घेऊन विहारात येऊ लागले. पण घेणारा कोणी नसल्याने परत नेऊ लागले. तेव्हा चीवर स्वीकारणारा भिक्षू नेमण्यात आला. त्याने स्वीकारले, पण तेथेच टाकून तो निघून गेला. वस्त्रे नाश पावू लागली. म्हणून ठेवणारा नेमला. त्याने मंडपात, झाडाच्या बुंध्याशी, मिळेल तेथे ठेवली. ती उंदरांनी आणि वाळवीने खाल्ली. म्हणून भांडारगृह ठरविण्यास अनुज्ञा दिली गेली, आणि त्यासाठी चालणाऱ्या वास्तूंत गुहेचाही समावेश आहे. लेण्यांच्या या मुलखात राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तरीही भांडारगृहात वस्त्रे अरक्षितच राहिली. म्हणून अखेरीस भंडागारिक नेमण्यात आला.

प्रत्येक नियम येथे एका नुकसानीतून जन्मला आहे. या अधिकाऱ्यांच्या पात्रतेची अंगे पाच. आवड, द्वेष, मोह आणि भय यांनी वाट न चुकणे ही चार सर्वांना समान. पाचवे अंग मात्र कामागणिक बदलते. स्वीकारणाऱ्याला 'गहितागहित', म्हणजे काय घेतले आणि काय घेतले नाही, हे कळले पाहिजे. ठेवणाऱ्याला 'निहितानिहित', म्हणजे काय ठेवले, काय राहिले, हे कळले पाहिजे. भंडागारिकाला 'गुत्तागुत्त', म्हणजे काय सुरक्षित आहे आणि काय नाही, हे कळले पाहिजे. आजच्या कोणत्याही संग्रहालयाची दाखल नोंदवही, स्थाननोंद आणि स्थितिअहवाल घ्यावा. त्यांची मांडणी या तीन शब्दांवर उभी आहे. नेमणुकीची रीतही पाहण्यासारखी आहे. प्रथम त्या भिक्षूची संमती विचारावयाची, मग संघासमोर ज्ञप्ती ठेवावयाची, मग संघाने मान्यता द्यावयाची.

त्यानंतर आलेला प्रसंग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. षड्वर्गीय भिक्षूंनी भंडागारिकाला त्याच्या जागेवरून उठवून लावले. तेव्हा भंडागारिकाला उठवू नये, जो उठवील त्याला दुक्कटाचा दोष, असा नियम झाला. राखणाऱ्याच्या जागेची हमी देणारा याहून जुना नियम आमच्या वाचनात नाही.

प्राचीन काळी हात चालविणाऱ्यांची नावेही दगडावर राहिली आहेत. कोंडाणे लेण्यात कण्हाचा शिष्य बलक आपण हे केल्याचे सांगतो. सांचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपली नोंद करून ठेवली आहे. बांधकामाची देखरेख करणारा 'नवकम्मिक' तर शिलालेखांत पुन्हा पुन्हा भेटतो. या मानाने अर्वाचीन काळात राखणारा फार मुका झाला.

अजिंठ्याचे उदाहरण घ्यावे. बीड आणि अजिंठा दोन्ही त्या वेळी हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाने १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. भित्तिचित्रांचे पोपडे सुटत होते. हिंदुस्थानात हे काम जाणणारा कोणी नाही, असे मानून १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहायक ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. सुटणारा गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला धरविला, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे व काळपट पडले आणि ते उतरविण्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांच्या अनेक वर्षांचे श्रम गेले. जतनकाराची चूक दिसू लागते तेव्हा तो स्वतः बहुधा हयात नसतो. म्हणूनच या व्यवसायात एकाने केलेले दुसऱ्याला लेखी कळविण्याची शिस्त लागते. त्याच अजिंठ्यात सय्यद अहमद हे हैदराबाद संस्थानातील चित्रकार होते. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या प्रतिकृतींच्या कामात नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि पुढे ते लेण्यांचे अभिरक्षक झाले. नंदलालांचे नाव शाळकरी मुलालाही माहीत असते. सय्यद अहमदांचे नाव मराठवाड्यातील किती पदवीधर सांगू शकतील?

हिंदुस्थानात कोणी नाही, ही समजूत फार काळ टिकली नाही. मद्रासच्या शासकीय संग्रहालयात १९३० साली रासायनिक जतनाची प्रयोगशाळा सुरू झाली. तेथील एस. परमशिवन् यांनी अजिंठ्याच्या चित्रतंत्राचाही रासायनिक अभ्यास केला. १९३६ साली मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज यांनी देशभरातील संग्रहालयांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत प्रशिक्षित सेवकवर्गाच्या उणिवेवर बोट ठेवले होते. १९४४ साली भारतीय संग्रहालय संघ स्थापन झाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ साली संग्रहालयशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. सांस्कृतिक वस्तूंच्या जतनाचा अभ्यास करणाऱ्यांची स्वतंत्र संघटना १९६६ साली दिल्लीत निघाली, आणि १९७६ साली लखनौची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा. योगायोग असा की, १९६७ साली न्यूयॉर्क परिसरातील काही संग्रहालयांनी एकत्र येऊन संगणकावर संग्रहांच्या नोंदी करणाऱ्यांचे जाळे उभारले. तेथे संगणक, येथे रसायन. पण एकटा कर्मचारी आपल्या अडचणीचे उत्तर शोधू शकत नाही, हे दोन्हीकडे एकाच सुमारास उमगले होते.

आमच्या पिढीला संगणकाचे महत्त्व पाली वाङ्मयामुळेच कळले. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९७ साली छट्ठ संगायनाच्या तिपिटकाची संगणक-तबकडी प्रसिद्ध केली. जो संदर्भ शोधण्यास आमच्या गुरुजनांना आठवडा लागे, तो क्षणात सापडू लागला. पुढे पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी जी संगणकप्रणाली तयार केली तिचे नाव 'जतन' आहे. देशातील राष्ट्रीय संग्रहालयांच्या नोंदी तिच्याद्वारे झाल्या. नाव मात्र आपल्या घरातले: बियाणे राखेत घालून जतन करणाऱ्या बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

ही सर्व वाटचाल बीडपर्यंत किती पोहोचली? मराठवाड्यातील संग्रहालये म्हटली की तेर, पैठण, छत्रपती संभाजीनगर ही नावे ओठांवर येतात. बीडचे येत नाही. अंबाजोगाईस हत्तीखान्याची लेणी आहेत, यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातील वास्तू व शिलालेख आहेत. गावोगावच्या वेशीत वीरगळ उभे आहेत. त्यांवर शेंदराची पुटे चढतात, कोठे तैलरंगही फासला जातो. गावकरी हे श्रद्धेने करतात, त्यांना आम्ही दोष देत नाही. दगडाला श्वास घेऊ द्यावा लागतो, त्यातील क्षार बाहेर येण्याची वाट बंद झाली की पृष्ठभाग सुटतो, हे त्यांना सांगणारा कोणी त्या गावी कधी गेलेला नाही.

आमचा एक विद्यार्थी त्या गावी जाऊ शकला असता. तेरला प्रश्न विचारणारा तो हाच. केज तालुक्यातील ऊसतोड कामगाराचा मुलगा. वडील दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जात. याने पालीत पदवी घेतली आणि नंतर संग्रहालयशास्त्र शिकला. सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी खणात ठेवली तर लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफेने त्यांची पांढरी भुकटी होते, हे आम्हांला त्यानेच शिकविले. चाळीस वर्षे सातवाहन लेखांवर बोलणाऱ्या विद्वानांनाही ही गोष्ट ठाऊक नसते. पुढे त्याला एका संग्रहात काम मिळाले. करार अकरा महिन्यांचा. नोंदी निम्म्यावर आल्या असताना करार संपला, आणि त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या व्यक्तीला निराळेच काम दिले गेले. गहितागहित त्याला माहीत होते. ते त्याच्याबरोबरच दाराबाहेर गेले. घरी वडील म्हणाले, "आमची उचल सहा महिन्यांची, तुझी अकरा. एवढाच काय तो फरक." हे वाक्य त्याने हसत सांगितले. आम्हांस हसू आले नाही.

हा प्रश्न केवळ नाण्यांचा आणि वीरगळांचा नाही. नागपूरजवळच्या चिचोलीत बाबासाहेबांचे कोट आणि इतर वापरातील वस्तू आहेत. पुण्यात सिम्बायोसिसचे स्मारक-संग्रहालय १९९६ पासून आहे. मुंबईत राजगृह आहे. याशिवाय धम्मदीक्षेच्या काळातील छायाचित्रे, पत्रके, चळवळीची वृत्तपत्रे बीड जिल्ह्यातील कितीतरी घरांत पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. लोकरी कोटाला कसर लागते, आम्लयुक्त कागद हाताळताच तुटतो, छायाचित्रे ओलाव्याने एकमेकांस चिकटतात. उंदीर आणि वाळवी तर विनयपिटकाच्या काळापासून ओळखीचेच. आपण पुतळे उभारतो, त्यासाठी वर्गणी काढतो, आणि ते योग्यच आहे. परंतु एका तालुक्याने वर्गणी काढून एका जतनकाराचा पगार दिल्याचे आम्ही अद्याप ऐकलेले नाही. हे काम शासनाचेच आहे, असे म्हणणाऱ्यांशी आमचा वाद नाही. पण भंडागारिकाची नेमणूक कोणत्याही राजाने केली नव्हती, संघाने केली होती.

तो विद्यार्थी आता आठवड्यातील चार दिवस एका दुकानात हिशेब लिहितो. उरलेल्या दिवसांत मोटारसायकलवर गावोगाव फिरून वीरगळांची आणि पेट्यांतील कागदांची नोंद करतो. मराठवाड्यातील अशीच कामे करणारे आणखी काही जण त्याने शोधून काढले आहेत. कोणी शिक्षक आहे, कोणी ग्रंथपाल. अडचण आली की ते एकमेकांना दूरध्वनी करतात. मागील पावसाळ्यात भिजलेल्या छायाचित्रांचा गठ्ठा घेऊन तो आमच्याकडे आला. ती सुटी करण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी हवे होते, आणि ते बॅटरीच्या दुकानात मिळते हे त्याला परळीच्या एका ग्रंथपालाने सांगितले होते. आम्ही दोघे जाऊन पाच लिटरचा कॅन घेऊन आलो. रात्री उशिरापर्यंत पसरट थाळ्यांत एकेक छायाचित्र सुटत होते. १९५६ नंतरच्या कोणत्या तरी सभेचे ते दिसत होते. पुढच्या रांगेत बसलेल्या बायांपैकी एकीकडे बोट दाखवून तो म्हणाला, ही कोण, ते उद्या त्या घरी विचारून मागच्या बाजूस पेन्सिलीने लिहायला हवे. शाई चालणार नाही.