पुराव्याधारित निर्णयप्रक्रिया

पुराव्याधारित निर्णयप्रक्रिया म्हणजे केवळ अनुभव, अंदाज किंवा अधिकार यांवर विसंबून न राहता, पद्धतशीरपणे गोळा केलेल्या आकडेवारीचे विश्लेषण करून संस्थेने किंवा शासनाने निर्णय घेण्याची पद्धत होय. प्रश्नाची नेमकी मांडणी, माहितीचे संकलन व छाननी, विश्लेषण आणि निर्णयाच्या परिणामांचे मोजमाप हे तिचे प्रमुख टप्पे आहेत.

भारतातील उदाहरण

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस (१८९३–१९७२) यांचे पूरविषयक अभ्यास हे या पद्धतीचे भारतातील एक आरंभीचे उदाहरण आहे. १९२२ साली उत्तर बंगालमध्ये आलेल्या पुरानंतर अभियंत्यांनी पुराचे पाणी थोपवणारे खर्चिक जलाशय सुचवले होते. महालनोबिस यांनी सुमारे ५० वर्षांच्या पर्जन्यमानाच्या व पुरांच्या नोंदी अभ्यासल्या. असे जलाशय निरुपयोगी ठरतील आणि पाण्याचा जलद निचरा हीच खरी गरज आहे, असा निष्कर्ष त्यांतून निघाला.

१९२६ साली आजच्या ओडिशातील ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचे पात्र उंचावले आहे, असे मानून अभियंत्यांनी काठावरील बांधांची उंची वाढवण्याची शिफारस केली. सुमारे ६० वर्षांच्या नोंदींवरून पात्र उंचावलेच नसल्याचे महालनोबिस यांनी दाखवले व नदीच्या वरच्या भागात धरणे बांधण्याचा पर्याय मांडला. त्यांच्या पुढील आकडेमोडीचा आधार महानदीवरील हिराकूद प्रकल्पाला मिळाला. या धरणाचे उद्घाटन १९५७ साली झाले.

मर्यादा

अपुऱ्या किंवा एकांगी नोंदींवरून दिशाभूल करणारे निष्कर्ष निघू शकतात. वरील दोन्ही प्रसंगी अनेक दशकांच्या नोंदी जपलेल्या होत्या, म्हणूनच तज्ज्ञांचे मत पडताळून पाहता आले.