हैतीचीं काळीं डुकरें

कॅरिबियन समुद्रांतील हैती हें राष्ट्र १८०४ सालीं स्वतंत्र झालें, तें तेथील गुलामांनीं फ्रेंच धन्यांविरुद्ध केलेल्या बंडामुळें. त्या बंडाची शपथ १७९१ सालीं ज्या सभेंत घेतली गेली, तींत एका काळ्या डुकराचा बळी दिला होता, असें तेथील परंपरा सांगते. पुढें जवळजवळ दोन शतकें हेंच देशी काळें डुक्कर हैतीच्या शेतकऱ्याच्या संसाराचा आधार होऊन राहिलें.

हें जनावर अंगानें लहान, पण मोठें काटक. त्याला विकतचें खाद्य लागत नसे. उष्टेंखरकटें, कंदमुळें व झाडाखालीं गळालेले आंबे यांवर तें पोसलें जाई. मुलांची शाळेची फी भरावयाची असो, आजारपण येवो, लग्न निघो कीं घरांत मयत होवो, एक डुक्कर बाजारांत नेलें म्हणजे गरज भागे. सारांश, आपल्याकडे ज्याला गांठीचा पैसा म्हणतात, तो तेथें चार पायांवर अंगणांत हिंडत होता.

या पैशावर संकट आलें तें आफ्रिकी डुक्करज्वराचें. केनियांतील या रोगाचें वर्णन माँटगोमेरी या पशुवैद्यानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलें. आफ्रिकेंतील रानटी डुकरांच्या अंगीं हा विषाणु निरुपद्रवीपणें राहतो. परंतु गोचिडींवाटे किंवा दूषित मांसावाटे तो पाळीव डुकरांत शिरला, कीं त्यांपैकीं बहुतेक थोड्याच दिवसांत दगावतात. माणसाला मात्र त्याची बाधा होत नाहीं. १९५७ सालीं तो लिस्बनला पोंचला, १९७८ सालीं हैतीच्या शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकांत प्रकटला आणि लौकरच सीमा ओलांडून हैतींत आला.

अमेरिकेंतील प्रचंड वराहव्यवसायाला आतां धास्ती पडली. रोगावर लस नव्हती. तेव्हां अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्या साहाय्यानें हैतींतील डुकरें समूळ नाहींशीं करण्याची मोहीम निघाली. खर्च सुमारें २ कोटी ३० लक्ष डॉलर ठरला. १९८२-८३ मध्यें गांवोगांव डुकरें मारलीं गेलीं. रोगांतून वांचलेलीं धडधाकट डुकरेंही त्यांतून सुटलीं नाहींत. भरपाईचें आश्वासन होतें. परंतु अनेक गरिबांच्या हातीं ती कधींच पडली नाहीं.

मोबदला म्हणून अमेरिकेहून पांढरीं, धष्टपुष्ट डुकरें आणलीं गेलीं. त्यांना पिण्यास स्वच्छ पाणी, खाण्यास परदेशी खाद्य व राहण्यास छपराचा गोठा लागे. ज्यांच्या स्वतःच्या घरांत या सोयी नव्हत्या, त्या शेतकऱ्यांनीं या पाहुण्यांना ‘चार पायांचे राजपुत्र’ असें नांव ठेविलें! त्यांचा निभाव लागला नाहीं. इकडे अनेक घरांतील मुलांची शाळा सुटली. कित्येकांनीं उरलींसुरलीं झाडें तोडून कोळसा विकला व डोंगर अधिकच उघडे पडले. पुढें फ्रेंच व हैतीच्या कृषितज्ज्ञांनीं गॅस्कन, चिनी व ग्वाडेलूपच्या देशी डुकरांच्या संकरांतून पुन्हां एक काटक जात तयार केली. पण मोडलेलीं घरें तेवढ्यानें सांवरलीं नाहींत.

मोहिमेचें भय खोटें नव्हतें, आणि रोगाचें उच्चाटन खरोखरच झालें. चूक झाली ती हिशेबांत. तज्ज्ञांच्या वहींत एक डुक्कर म्हणजे अमुक शेर मांस, एवढीच नोंद होती. शेतकऱ्याच्या लेखीं तें मुलाचें शिक्षण, म्हाताऱ्याचें औषध आणि मुलीचें लग्न होतें. ज्याची किंमत वहींत धरली गेली नाहीं, त्याची भरपाई तरी कशी व्हावी?

२०२० सालीं हाच रोग आसाम व अरुणाचल प्रदेशांत शिरला. तेथेंही घरामागचीं दोन-चार डुकरें हीच पुष्कळ कुटुंबांची शिल्लक असते. साथ आवरण्यासाठीं जनावरें मारणें कधीं अपरिहार्य ठरतें. परंतु तें करण्यापूर्वीं कोणाची कोणती पुंजी आपण मारीत आहों, हें विचारण्याचा धडा हैतीनें फार महाग किंमत देऊन जगाला दिला आहे.