हुकूम आणि वर्णन: सर्व्हरवरच्या अदृश्य नोकरांचा इतिहास

मंडळी, संगणकात पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामला ‘डिमन’ म्हणतात. कुणी ईमेल पोचवतो, कुणी वेबपानं पुरवतो, कुणी ठरल्या वेळी कामं उरकतो. १९६३ च्या सुमारास एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटात हा शब्द रूढ झाला. तो घेतला भौतिकशास्त्रातून: मॅक्सवेलच्या विचारप्रयोगात दाराशी बसून रेणूंची निवड करणारा जो काल्पनिक जीव आहे, त्याच्यावरून. भुताखेतांशी याचा संबंध नाही. पण भुतासारखं राबणं आपल्यालाही माहीत आहेच.

प्रश्न असा की, या नोकराला कामावर लावायचं कुणी? युनिक्सच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ परंपरेत प्रत्येक सेवेसाठी एक छोटी स्क्रिप्ट असे. कोणती आधी, कोणती नंतर, हे फाइलच्या नावातल्या आकड्यावरून ठरे. एक यंत्र असेल तर ठीक. पण शंभर यंत्रं असली की तेच काम शंभरदा हातानं. मग लोक हुकमांची यादी लिहून ती सगळीकडे चालवू लागले. त्यात मेख अशी, की ‘या फाइलमध्ये ही ओळ घाल’ हा हुकूम दोनदा चालला तर ओळ दोनदा पडते.

१९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस नावाचा भौतिकशास्त्रज्ञ अशाच वेगवेगळ्या जातींच्या युनिक्स यंत्रांची देखभाल करत होता. त्यानं ‘सीएफइंजिन’ लिहिलं. यंत्राला काय करायचं ते सांगू नका, ते कसं असायला हवं ते सांगा, हा त्यातला विचार. ‘बटण दाब’ म्हटलं तर लागलेला दिवा विझूही शकतो. ‘दिवा लागलेला असावा’ हे कितीदाही म्हणा, बिघडत नाही. या गुणाला ‘आयडेम्पोटन्स’ म्हणतात. शब्द बेंजामिन पर्स या गणितज्ञाचा, १८७० चा. मला स्वतःला इथे मीमांसक आठवतात. त्यांच्या लेखी विधिवाक्य मुख्य, वर्णनपर अर्थवाद त्याच्या सेवेला. इथे सगळं उलटं झालं, वर्णनच कामाला लागलं!

पुढे २००५ मध्ये ‘पपेट’, २००९ मध्ये ‘शेफ’, २०१२ मध्ये ‘अ‍ॅन्सिबल’. तपशिलात जात नाही. एकच गोष्ट बघा. पपेटमध्ये सेवेबद्दल दोन वेगळी विधानं करता येतात: ती आत्ता चालू असावी, आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती आपोआप उठावी. हातानं काम करणारा माणूस पहिलं करतो, दुसरं विसरतो. सहा महिने सगळं सुरळीत. मग एका रात्री वीज जाते, यंत्र उठतं, सेवा उठत नाही. ती कुणी, कधी सुरू केली होती, हे कुणाला आठवत नसतं. वर्तमान आणि भविष्य ही दोन वेगळी विधानं आहेत, हे या अवजारानं लिहायला लावलं, हे मला त्याचं मोठं काम वाटतं.

आता २०१२ चं अमेरिकेतलं उदाहरण. नाइट कॅपिटल ही शेअर दलाली करणारी कंपनी. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर घालायचा होता. तंत्रज्ञानं तो सातांवर घातला. आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड तसाच राहिला. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि तो जागा झाला. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान! बर्जेसच्या अवजाराला तेव्हा १९ वर्षं झाली होती.

अर्थात, वर्णनच चुकीचं असतं तर असं अवजार ते आठही सर्व्हरवर तितक्याच निष्ठेनं बसवतं. म्हणून अमेरिकन नियामकाच्या चौकशीतला दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: केलेलं काम दुसऱ्या तंत्रज्ञानं तपासावं, असा लेखी नियमच त्या कंपनीत नव्हता. आता तुमचे प्रश्न घेऊ या.