कुंभकोणमचे मराठी मास्तर

१६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला गादी स्थापली आणि कावेरीकाठच्या कुंभकोणमातही मराठी घरे रुजली. तिथेच १८२८ साली टी. माधवराव जन्मले. पुढे ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले. त्यांची ओळख सहसा एवढीच करून दिली जाते, पण त्यांच्यातला शिक्षक मला जास्त मोलाचा वाटतो.

१८४९ साली ते त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकवायला गेले. त्यांतले आयिल्यम तिरुनाल पुढे महाराज झाले, त्यांच्या काळात माधवराव दिवाण होते आणि त्यांनी संस्थान कर्जमुक्त केले. दुसरे विद्यार्थी विशाखम तिरुनाल; तेही पुढे राजे झाले. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याची लागवड या राजाने त्रावणकोरात नेटाने वाढवली.

बडोद्याचे महाराज मल्हारराव पदच्युत झाल्यावर १८७५पासून कारभार माधवरावांकडे आला. गादीवर आलेल्या अल्पवयीन सयाजीरावांना त्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. दिवाणगिरीच्या धबडग्यातही त्यांनी शिकवणे सोडले नाही, हे विशेष.

कुंभकोणमचेच त्यांचे चुलतबंधू आर. रघुनाथराव विधवाविवाहासाठी झटले. १८८७च्या मद्रास काँग्रेसमध्ये माधवराव स्वागताध्यक्ष होते; त्याच वेळी, त्याच शहरात रघुनाथराव न्यायमूर्ती रानड्यांसह सामाजिक परिषद उभी करत होते.