फिरणारं चाक आणि उभं चाक

आमच्या गोठ्यामागं एक जीप उभी असते. महिंद्राची, लांब चासीची, रंग उडालेली. १९८६ साली मी ती कोल्हापुरातून जुनीच विकत आणली. शाहूवाडीच्या पश्चिम अंगाला आमचं गाव. पावसाळ्यात चार महिने लाल चिखल. या जीपच्या मागच्या एक्सलच्या पोटात आजवर तीन तऱ्हेचा कारभार झाला. त्या तीन तऱ्हा म्हणजे आमच्या घरचा तीस वर्षांचा इतिहास आहे, म्हणून लिहून ठेवतो.

आधी एक्सलच्या पोटात काय असतं ते सांगतो. बैलगाडीपासून सुरू करू, कारण मलाही ते तिथूनच समजलं.

बैलगाडीचा आस फिरत नाही. दोन्ही चाकं त्याच्यावर सुटी फिरतात. बांधावरून गाडी वळवली की आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त. दोघांचं एकमेकांशी देणंघेणं नाही, कारण ओढणारे बैल पुढं आहेत. पण गाडी इंजिनावर चालायला लागली तेव्हा पंचाईत झाली. आता जोर चाकालाच द्यायचा. दोन्ही चाकं एका दांड्यावर पक्की बसवली तर वळणावर एक चाक घसटत जाणार. सुटी ठेवली तर जोर द्यायचा कुणाला?

हे कोडं फ्रान्समधल्या पेकर नावाच्या घड्याळजीनं १८२७ साली सोडवलं, वाफेच्या गाडीसाठी. घड्याळजीच तो, दात्यांच्या चाकांचं गणित त्याच्या हातात होतं. त्यानं दोन चाकांच्या मध्ये लहान दातेरी चाकं अशी बसवली, की जोर दोघांना सारखा जावा आणि फेरे मात्र ज्याचे त्यानं गरजेप्रमाणं घ्यावेत. ह्यालाच डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाकडून येणारा लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो, क्राऊन एका डब्याला फिरवतो, त्या डब्यात ही लहान चाकं असतात. आमच्याकडं गॅरेजात त्यांना स्टार गिअर म्हणतात.

युक्ती मोठी, पण तिच्यात एक खोट आहे. जोर दोघांना सारखा, ह्याचा अर्थ दुबळं चाक जेवढा जोर पेलेल तेवढाच दुसऱ्याला मिळणार. नांगराला दोन बैल जुंपले आणि एकानं मान टाकली, तर दुसरा कितीही तगडा असू दे, जू नुसतं तिरकं होतं, नांगर जागचा हलत नाही. तसंच हे. एक चाक चिखलात गरगर फिरतं, दुसरं कोरड्या दगडावर असून उभंच राहतं.

आपल्याकडं जीप आली ती लढाईतून. १९४१ पासून अमेरिकेत विलीज आणि फोर्डनं लष्करासाठी लाखांनी जीपा केल्या. लढाई संपली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रानं मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या. चार चाकांवर चालणारी गाडी म्हणून तिचं नाव झालं, आणि ते खोटं नव्हतं. पण तिच्या पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलांत साधंच डिफरन्शियल होतं. पुढचं एक आणि मागचं एक, अशी तिरपी दोन चाकं सैल पडली की चारचाकी जीपसुद्धा तिथंच बसते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी १९८८ च्या जुलैत शिकलो.

त्या वेळी मी गावच्या दूध संस्थेचं दूध शीतकरण केंद्रावर पोचवत होतो. त्या दिवशी नऊ कॅन होते, चाळीस-चाळीस लिटरचे. त्यातलं निम्मं आदल्या संध्याकाळचं. सकाळी सात वाजता ओढ्यापलीकडच्या चढणीला मागचं डावं चाक खड्ड्यात गेलं आणि पुढचं उजवं अधांतरी झालं. गिअर टाकला, चारी चाकांचा दांडा ओढला. दोन चाकं भिंगरीसारखी फिरत होती आणि दोन चाकं आमच्याकडं बघत उभी होती. दगड घातले, पोती घातली, पळसाच्या फांद्या घातल्या. थोरला भाऊ, आण्णा, छातीएवढ्या पाण्यातून परत गावात गेला. त्यानं ट्रॅक्टर आणला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते.

ट्रॅक्टरलाही त्याच चिखलात यावं लागलं. त्याचंही एक चाक घसरलं. पण ट्रॅक्टरवाल्यानं सीटखालचं एक पायडल टाचेनं दाबलं, आणि दोन्ही चाकं एका जिवानं फिरायला लागली. जीपसकट ट्रॅक्टर चढण चढला. १९६३ साली महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत मुंबईत ट्रॅक्टरची कंपनी काढली, तेव्हापासून असले ट्रॅक्टर आपल्या शेतात आहेत. ते पायडल मी किती वेळा पाहिलं होतं. ते कशासाठी असतं, हे त्या दिवशी कळलं. डिफरन्शियल लॉक. दाबलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात.

दूध केंद्रावर पोचलं ते चारला. नमुना उकळून बघितला, फाटला. तिथल्या माणसाचा काही दोष नव्हता, नासलेलं दूध तो कसा घेणार? परत येताना आम्ही नऊच्या नऊ कॅन ओढ्यात ओतले. पाणी लांबपर्यंत पांढरं झालं होतं.

दुधाचं बिल आमच्याकडं दहा दिवसांनी निघतं. त्या दिवसाचं नुकसान मी माझ्या भाड्यातून भरायचं कबूल केलं, फेडायला दिवाळी आली. पण पैशापेक्षा एक बोलणं लागलं. एक म्हशीवर संसार करणारी आमची एक चुलती होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "आमचं दूध तुझ्या एका चाकानं प्यालं की रं."

त्या रागात मी चूक केली. आठ दिवसांनी एका मिस्त्रीकडं गेलो आणि म्हटलं, दोन्ही चाकं बांधून टाक. स्वस्तातला उपाय त्याला ठाऊक होता. त्यानं मागचं डिफरन्शियल उघडलं आणि स्टार गिअर वेल्डिंग मारून एकमेकांना चिकटवून टाकले. आता मागची दोन्ही चाकं कायमची बांधलेली. चढणीवर जीप रेड्यासारखी चालली. पावसाळाभर एक दिवस दूध चुकलं नाही. मी मिशीला पीळ देत होतो.

पण चिखलात चाक थोडं घसरून घेतं, डांबरावर घेत नाही. डांबरी वळणावर टायर किंचाळायचे. टायरांची नक्षी झटझट गेली. स्टेअरिंग जड झालं. वळवलं तरी गाडीचं नाक सरळ जायला बघायचं, कारण मागची दोन्ही चाकं सारखीच फिरून तिला पुढं ढकलायची. आण्णा म्हणाला होता, "बापू, ही गाडी वळाय मागं-पुढं बगती. परत सोड ते." मी म्हटलं, "पावसाळा संपू दे."

पावसाळा संपत आला होता. सप्टेंबरात मलकापूरच्या अलीकडं एका वळणाला डांबर ओलं होतं. मी स्टेअरिंग तोडलं, जीप वळली नाही. सरळ चारीत गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. आण्णा मागं कॅन धरून बसला होता. दोन भरलेले कॅन त्याच्या पायावर आले. गुडघ्याखालचं हाड मोडलं. कोल्हापूरला नेलं, तीन महिने प्लास्टर झालं, पण पाय आखूडच राहिला. तेव्हापासून आण्णा लंगडत चालतो. त्या दिवसाबद्दल तो मला आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून साधं डिफरन्शियल आणून परत बसवलं. दुधाचं भाडंही पुढं सोडलं. जीप शेतापुरती राहिली.

मधल्या काळात जगात काय काय झालं ते मला पुढं पुतण्यानं सांगितलं. न्यूझीलंडमध्ये रॉबर्ट्स नावाच्या माणसानं हवेच्या दाबावर चालणारं लॉकर काढलं होतं, आणि ऑस्ट्रेलियातल्या एआरबी कंपनीनं ते १९८७ साली विकत घेतलं. म्हणजे आमचं दूध नासलं त्याच्या एकच वर्ष आधी. आम्ही इकडं स्टार गिअर वेल्डिंग करत होतो तेव्हा तिकडं बटणानं चाकं बांधत आणि सोडत होते.

पुतण्या म्हणजे आण्णाचा मुलगा. आयटीआय करून त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. २०१७ साली तो म्हणाला, "काका, जीपला लॉकर बसवूया." मी बोललो नाही. आण्णा सोप्यात बसला होता. त्यानं एकच विचारलं, "ते बांधलेलं सुटतं न्हवं?"

पुतण्यानं दोन तऱ्हा सांगितल्या. एक आपोआप चालणारी. २०१५ च्या महिंद्रा थारमध्ये मागच्या एक्सलला कंपनीतूनच तसलं लॉकर आलं. एक चाक दुसऱ्यापेक्षा फारच जोरात फिरायला लागलं की आतली यंत्रणा ते ओळखते आणि स्वतःच दोघांना जखडते. दुसरं हवेचं. बटण दाबलं की लहान कंप्रेसरची हवा नळीतून डिफरन्शियलमध्ये जाते, आतलं एक कडं सरकतं आणि चाकं बांधली जातात. बटण बंद केलं की हवा निघते, स्प्रिंग कडं मागं ढकलते, चाकं सुटतात. आण्णा म्हणाला, "माणसाच्या हातात असलेलं घ्या." म्हणून हवेचं ठरलं.

बसवायला दोन दिवस लागले. मी शेजारी बसून सगळं बघितलं. आधी तेल काढलं, मग दोन्हीकडचे शाफ्ट ओढले, मागचं झाकण उघडलं. बेअरिंग धरणाऱ्या दोन कॅप असतात. त्यांवर पुतण्यानं डावी-उजवी अशी खूण केली, कारण त्या अदलाबदल करून चालत नाहीत. आमचे जुने शाफ्ट दहा दात्यांचे, लॉकरला ते जुळेनात, म्हणून शाफ्टही नवे घ्यावे लागले.

क्राऊनचे दाते खाल्ले गेले होते, म्हणून नवी जोडी बघितली. क्राऊन आणि पिनियन जोडीनंच घ्यायचे असतात, कारखान्यात ते एकमेकांशी घासूनच जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच नंबर असतो. दुकानदारानं दिली ती जोडी पुतण्यानं मोजली. क्राऊनला ३९ दाते, पिनियनला ८. आमची जुनी ४३ आणि ८ ची. म्हणजे जुन्यात पिनियनचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक, नव्यात ४.८८ फेऱ्यांना एक. पुढच्या एक्सलमध्ये ४३-८ च होती. मागं वेगळी बसवली असती तर चारी चाकं लावल्यावर पुढची आणि मागची एकमेकांशी भांडत बसली असती. त्यानं जोडी परत केली आणि ४३-८ मिळेपर्यंत आठवडाभर थांबला. त्याच्या वयात मी थांबलो नसतो.

मग खरं काम. पिनियन किती आत बसायचा ते पातळ शिम घालून ठरवायचं. क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांत थोडा खेळ ठेवायचा, इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पाच ते आठ. कमी ठेवला तर दाते तापतात, जास्त ठेवला तर आपटतात. दात्यांना निळा रंग लावून फिरवून बघायचं. घासल्याची खूण दात्याच्या मध्यावर उमटली पाहिजे, टोकाला नाही. पुतण्यानं पाच वेळा सगळं काढलं आणि पाच वेळा बसवलं. हाउसिंगला तेलाच्या पातळीच्या वर भोक पाडून हवेची नळी आत नेली. पुढचे पाचशे किलोमीटर ओझं न घालता हळू चालवायला सांगितलं आणि मग तेल बदललं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. खालचे रस्ते बंद झाले, आमची ओढ्याकडची चढण पुन्हा तशीच झाली. पलीकडच्या वाडीवर एका म्हाताऱ्याची मधुमेहाची औषधं संपली होती. पुतण्या गाडीवर, मी शेजारी, आणि नको म्हणत असतानाही आण्णा मागं बसला. त्याच जागी चाक फिरायला लागलं. दुसरं उभं राहिलं. माझे हात आपोआप मांडीवर आवळले. पुतण्यानं बटण दाबलं. आत हलकासा खट् असा आवाज झाला, आणि उभं चाक चाललं. घाई नाही, आरडाओरडा नाही. जीप चालत्या माणसाच्या चालीनं वर आली.

वर आल्यावर डांबर लागतं आणि लगेच वळण आहे. मी काही बोलायच्या आत पुन्हा खट् असा आवाज झाला. मी विचारलं, "सोडलंस?"

"व्हय काका. डांबर आलं न्हवं."

मागून आण्णा म्हणाला, "आता ने निवांत."