गुस्ताव होल्स्ट : सुट्टीतला संगीतकार

श्रोतेहो, आपल्या वटपौर्णिमेच्या सावित्रीवर लंडनच्या एका शाळामास्तराने १९०८ साली छोटंसं संगीतनाट्य रचलं, हे ऐकून नवल वाटेल. त्या मास्तराचं नाव गुस्ताव होल्स्ट.

जन्म १८७४ चा, चेल्टनहॅम गावचा. मुलाने पियानो वाजवावा ही वडिलांची इच्छा. पण उजव्या हाताच्या शिरांचं दुखणं जडलं आणि तो मार्ग खुंटला. त्यात दमा. छातीला बळ यावं म्हणून त्याच्या हाती ट्राँबोन हे पितळी वाद्य दिलं गेलं. पुढे काही वर्षं त्याच वाद्यावर त्याचं पोट चाललं. वाद्यवृंद त्याला कळला तो असा आत बसून.

ऋग्वेदाची इंग्रजी भाषांतरं मनाला येईनात, तेव्हा हा गृहस्थ संस्कृत शिकला. कोश समोर ठेवून त्याने सूक्तं स्वतः भाषांतरित केली आणि त्यांना चाली लावल्या.

१९०५ पासून तो सेंट पॉल मुलींच्या शाळेत शिकवीत असे. शिवाय मॉर्ली कॉलेजात कामकरी माणसांचे वर्ग. रचनेला वेळ मिळे तो शनिवार-रविवारी नि सुट्टीत. अशा उरल्यासुरल्या वेळातून १९१४ ते १९१७ मध्ये ‘ग्रह’ ही त्याची प्रसिद्ध वाद्यवृंदरचना झाली. मित्रांच्या पत्रिका मांडण्याचा त्याला नाद होता, त्यातून ही कल्पना निघाली. पृथ्वी सोडून सात ग्रह, सात भाग. ‘मंगळा’त पाच-पाच मात्रांचा ठेका सैन्यासारखा चालून येतो, ‘शनी’त वार्धक्याची जड पावलं ऐकू येतात. हात दुखे, म्हणून स्वरलिपी उतरवून काढायला सहकारी शिक्षिका मदतीला बसत.

२९ सप्टेंबर १९१८ रोजी क्वीन्स हॉलमध्ये एड्रियन बोल्ट यांनी निमंत्रितांपुढे ती प्रथम सादर केली. शेवटच्या ‘नेपच्यून’मध्ये पलीकडच्या खोलीतून स्त्रियांचे शब्दाविण सूर येतात, मग दार हळूहळू लोटून घेतात आणि सूर विरत जातात. ते गळे कुणाचे होते, ठाऊक आहे? होल्स्टच्याच विद्यार्थिनींचे!

पुढे कीर्ती आली, तिने तो संकोचलाच. १९३४ साली वारला, तोवर शाळा सुटली नाही. शाळेच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली त्याची ‘सेंट पॉल सुइट’ आजही वाजते. गुरुजनहो, वर्गाने त्याचा वेळ घेतला खरा; पण त्याच्या सर्वांत मोठ्या रचनेचा शेवटचा सूर त्याच वर्गाने दिला.